कुणाची गो तू? (पोलीस पाटलाच्या मुलाखतीआधी वाचायचा थोडा इतिहास)

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी पोलीस पाटलाच्या भरतीला बसलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचलीत तर बिघडणार नाही, कारण पोलीस पाटील शेवटी सगळ्या गावाचाच असतो.

झालं असं की गेल्या आठवड्यात माझी भाची घरी आली. आमचं घर हातखंबा तिठ्यापासून चालत दहा मिनिटांवर. तिला दिलीय पालीच्या बाजूच्या एका गावात. वय बत्तीस, बारावी झालेली, बचत गटाचा हिशोब तीच बघते. गावातली पोलीस पाटलाची जागा निघाली, हिने अर्ज भरला, ८० गुणांची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. आता राहिली तोंडी. २० गुणांची. चहा पुढे ठेवला तर म्हणते, "मामा, चहा नंतर. मुलाखतीला काय विचारतील ते सांगा."

मी म्हटलं, सांगतो. पण तिच्या मनात खरं दुसरंच काहीतरी होतं, ते हळूहळू बाहेर आलं. एक म्हणजे गावात कुजबुज चालू आहे, "ती बाहेरनं आलेली. हिला गावातलं काय म्हाईत?" दुसरं म्हणजे एक गृहस्थ घरी येऊन सासऱ्यांना सांगून गेलाय की तोंडीचे गुण 'वरती' ठरतात, आपली ओळख आहे, थोडा खर्च येईल. सासरे विचारात पडलेत. नवरा म्हणतो, देऊन टाकू, एकदाच द्यायचेत.

मी तिला त्या दिवशी प्रश्नोत्तरं सांगितलीच नाहीत. इतिहास सांगितला. तोच इथे नीट मांडतो. का सांगितला ते वाचल्यावर कळेल.

आपल्याकडे अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं पहिला प्रश्न काय विचारतात? "कुणाचा रे तू?" "कुणाची गो तू?" नाव नंतर, शाळा नंतर. आधी बापाचं नाव, वाडी, भावकी. प्रश्न मायेचाच असतो. पण गावची पोलिसी कुणी करायची हे शेकडो वर्षं याच एका प्रश्नावर ठरत होतं.

पेशवाई १८१८ ला बुडाली. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावचा कारभार कसा चालायचा याचं वर्णन आहे. वसूल पाटलाकडे, भांडणतंटा पाटलाकडे आणि चोराचिलटाचा बंदोबस्तही पाटलाकडेच. त्याच्या हाताखाली महार आणि जागले. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर, मग पुढचा माग त्यांनी काढायचा. ना ठाणं, ना एफआयआर. गावाची शीव हीच हद्द आणि माग हाच पुरावा.

ही पद्धत देशावरची. आपल्या रत्नागिरीत पाटलापेक्षा खोताचं प्रस्थ मोठं. वसूल खोताचा, शब्द खोताचा. गावात कुणाचं भांडण मिटणार आणि कुणाचं चिघळणार हेही बऱ्याचदा खोताच्या ओटीवरच ठरायचं. पण देशावरचा पाटील असो की कोकणातला खोत, एक गोष्ट सारखी. ते पद जन्माने मिळायचं. मुलाखत नव्हती. 'कुणाचा रे तू' याचं उत्तर बरोबर असलं की झालं.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही, कागदावर आणली. १८६७ साली मुंबई इलाख्यात दोन कायदे लागोपाठ झाले. सातव्या क्रमांकाचा जिल्हा पोलिसांसाठी आणि आठव्या क्रमांकाचा गावच्या पोलिसांसाठी. म्हणजे खाकी पोलीस वेगळा आणि गावचा पोलीस पाटील वेगळा, ही वाटणी तेव्हापासूनची. पुढे १८७४ मध्ये वतनांचा कायदा आला. वंशपरंपरेने चालत आलेली गावची कामं कुणाच्या घरात राहतील, वारस कोण, हे त्यात बांधून टाकलं.

या कायद्याची दुसरी बाजू लोक विसरतात. वतन म्हटलं की आपल्याला पाटीलकीचा रुबाब आठवतो. पण महारकी हेही वतनच होतं. गावची राखण, सरकारी टपाल पोचवणं, साहेब आला की त्याच्या दिमतीला उभं राहणं, मेलेलं जनावर ओढणं. वेळ ठरलेली नाही, मोबदला नावापुरता, आणि घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचं. म्हणजे गावच्या पोलिसीचं अर्धं ओझं ज्यांच्या पाठीवर होतं, त्यांना त्या पोलिसीतला अधिकार मात्र शून्य. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात याच १८७४ च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. म्हणणं साधं होतं. काम ठरवून द्या, पगार ठरवून द्या, आणि ज्याला हे काम सोडायचंय त्याला सोडू द्या.

नीट बघा, नोकरीच्या मुलाखतीत जे धरूनच चाललेलं असतं तेच ते मागत होते. काम काय, पगार किती, नाही म्हणायची मोकळीक आहे की नाही.

आणि यात आपला जिल्हा मागे नव्हता. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनवर आलेल्या महार सैनिकांची मोठी वस्ती होती. १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत नोकऱ्या केल्या त्यांच्या पोरांना दार बंद. त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार केला तो दापोलीत राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी. ते स्वतः पेन्शनर. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्यात लष्कराबरोबर पोलीस शिपायाची नोकरीही मागितली होती. शिपायाची बरं का, फौजदाराची नव्हे. सगळ्यात खालची पायरी. तीही जन्मावर अडलेली होती.

अडवणाऱ्यांचं म्हणणं काय असायचं? अस्पृश्य शिपाई घराची झडती कशी घेणार, आरोपीला हात कसा लावणार, लोक ऐकणार कसे? थोडक्यात, काम येतं की नाही हा प्रश्नच नाही. गाव तुला मानेल का, हा प्रश्न. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढेही डॉ. आंबेडकरांनी पोलीस आणि लष्करभरतीची मागणी मांडली.

आता भाचीबद्दलची कुजबुज पुन्हा ऐका. "हिला गाव मानेल का?" शंभर वर्षांनी तोच प्रश्न. फक्त समोरचं माणूस बदललंय.

जगातही हे असंच चाललं होतं. इंग्लंडमध्ये पूर्वी गावच्या शिपाईगिरीची पाळी आळीपाळीने लोकांवर यायची, बिनपगारी. पैसेवाले आपल्या बदल्यात भाड्याचा माणूस उभा करायचे. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनसाठी नवं पोलीस दल काढलं आणि भरतीला अटी घातल्या. वय पस्तिशीच्या आत, उंची पाच फूट सात इंच, लिहिता-वाचता येणारा, वर्तनाचा दाखला असलेला. ऐकायला छान. पण त्या दलातला पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू पिऊन आला म्हणून नोकरीतून गेला! सांगायचा मुद्दा, उंची फूटपट्टीने मोजता येते. माणूस कसा मोजायचा ही अडचण तेव्हापासून सगळ्यांना आहे. मुलाखत आली ती या अडचणीतून.

आपल्याकडे १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन बसलं. पोलिसांबद्दल त्यांनी फार कडक लिहिलं. प्रशिक्षण नाही, देखरेख नाही, लोकांना त्यांची भीती वाटते, लाचखोरी बोकाळलेली. शिपायाला महिन्याला किमान ८ रुपये तरी द्या, असं त्यांना लिहावं लागलं, यावरून तोवर काय चाललं असेल ते समजा. फौजदारांची थेट भरती आणि प्रशिक्षणाच्या शाळा यांना जोर आला तो यानंतर. आजची नाशिकची पोलीस अकादमी त्याच काळातली, सुरुवात १९०६ ची. पण गावच्या पोलिसाबद्दल कमिशनने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. त्याला ठाण्याचा हरकाम्या करू नका. तो गावचा राहू दे, जिल्ह्याच्या मुलकी अधिकाऱ्याच्या नजरेखाली राहू दे.

म्हणूनच आजही पोलीस पाटलाची नेमणूक एसपी करत नाहीत. ती प्रांताधिकाऱ्यांकडून होते. मुलाखतीला समोर प्रांतसाहेब असतात, सोबत पोलीस खात्याचे आणि इतर अधिकारी. भाचीला मी म्हटलं, हे आधी डोक्यात घे. तू पोलीस खात्यात नोकरीला लागत नाहीयेस. तू गाव आणि सरकार यांच्या मधली व्यक्ती होणार आहेस. "मला खाकीची आवड आहे" असलं उत्तर तिथे उपयोगाचं नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र एकेक खिळा उपसला गेला. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्येच विधेयक आणलं होतं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. महारकीसारखी कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. महसुली पाटीलकी गेली १९६२ च्या कायद्याने. आणि १९६७ मध्ये महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. बरोबर शंभर वर्षांनी १८६७ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. पोलीस पाटील हे पद राहिलं, पण वारसा गेला. १९६८ मध्ये भरतीचा आदेश निघाला. वय २५ ते ४५, राहणारा त्याच गावचा, साठीपर्यंत काम. आता दहावी पास ही अट आहे, ८० ची लेखी, २० ची तोंडी, आरक्षण आहे, महिलांना ३० टक्के जागा आहेत. मानधनही २०२४ मध्ये ६,५०० वरून १५,००० रुपये करायचा निर्णय झाला. त्यामुळे स्पर्धा वाढली, आणि मधल्या 'ओळखी'वाल्यांची दुकानंही उघडली.

म्हणजे बघा मंडळी. वतन होतं तेव्हा १०० पैकी १०० गुण 'कुणाचा तू' याला होते. आता ८० गुण लेखीत गेले. तिथे बापाचं नाव चालत नाही. उरले २०. तो जुना प्रश्न आत शिरायचा म्हटला तर याच वीस गुणांतून शिरणार. एकतर "ही बाहेरची" या रूपाने, नाहीतर "आपली ओळख आहे, थोडा खर्च येईल" या रूपाने. दोन्ही एकच. दोन्हींत तुला काय येतं हे कुणी विचारतच नाही.

म्हणून सासऱ्यांना मी फोन करून सांगितलं, दादा, एक रुपया द्यायचा नाही. असल्या माणसांचा धंदा कसा चालतो ते बघा. दहा जणांकडून पैसे घ्यायचे, त्यातला एक आपल्या गुणांवर लागतोच, त्याला म्हणायचं बघ केलं तुझं काम. उरलेल्या नऊ जणांना पुढच्या वर्षीचा वायदा. आणि खरंच समजा ओळखीने काम झालं, तर ज्या बाईच्या नेमणुकीचे पैसे गावाला माहीत आहेत, तिने उद्या गावठी दारूची खबर ठाण्याला दिली तर तिला कोण जुमानेल?

आता तयारीचं बोलू. हे मी तिला कागदावर लिहून दिलं, तुमच्याही पोरांना उपयोगी पडेल.

कायदा पाठ करायचा नाही, समजून घ्यायचा. १९६७ च्या अधिनियमात पोलीस पाटलाची कर्तव्यं दिलीत. गावातला गुन्हा, शांतताभंगाची शक्यता, लोकांचं आरोग्य, गावाची एकूण परिस्थिती यांची खबर तालुक्याला आणि ठाण्याला देणं हे त्यातलं मुख्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. गावच्या अधिकाऱ्याने संशयास्पद मृत्यू, गुन्हेगाराचा वावर वगैरेंची माहिती तातडीने द्यायची, हे पूर्वी जुन्या संहितेच्या कलम ४० मध्ये होतं, ते आता नव्या संहितेच्या कलम ३४ मध्ये आहे. एवढं सांगता आलं तरी समोरच्याला कळतं की ही बाई वाचून आलीय. झिरो एफआयआर म्हणजे काय तेही माहीत हवं. हद्द कुठलीही असो, ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. माग शिवेपर्यंत नेऊन सोडायचा तो काळ गेला.

आपली पंचक्रोशी पायाखाली घातलेली हवी. मुलाखतीत गावाबद्दल विचारतातच. आमच्या हातखंब्याचं उदाहरण घ्या. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता इथे एकमेकांना भेटतात. एका अंगाला निवळीचा घाट, दुसऱ्या अंगाला पाली, नाणीज आणि पुढे आंबा घाट. गॅसचे टँकर या रस्त्याने जातात आणि उलटतात, तेव्हा वाहतूक तासन्‌तास बंद पडते. अशा वेळी पोलीस पाटलाने काय करायचं? फोटो काढायचे नाहीत, व्हिडिओ टाकायचे नाहीत. आधी ११२ ला आणि ठाण्याला कळवायचं, मग बघ्यांची गर्दी मागे हटवायची, जवळच्या घरांतल्या चुली आणि गॅस बंद करायला लावायचे, रस्त्याने येणाऱ्यांना लांबच थांबवायचं. उत्तर असं क्रमाने द्यायचं.

मग शिमगा. पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार, मान कुणाचा, यावरून आपल्याकडे भावकीत किती वर्षं बोलणं बंद असतं हे काय मी सांगायला हवं? मुलाखतीत विचारलं की मानपानाचा वाद झाला तर काय कराल, तर "समजावून सांगेन" एवढ्यावर थांबू नको, असं मी तिला सांगितलं. होळीच्या महिनाभर आधी दोन्ही बाजूंना बसवणार, ठरलेलं कागदावर घेणार, त्याची प्रत ठाण्यात देणार, आणि तरी तणाव दिसला तर आधीच कळवणार. 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. वाद झाल्यावर तर काय, सगळेच कळवतात.

तिसरी गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. १९७२ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजलं. आरोपी पोलीसच होते. सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. त्यावर महिलांनी आवाज उठवला, आणि १९८३ मध्ये देशाचा कायदा बदलला. मी तिला म्हटलं, "बाईने पोलीस पाटील कशाला व्हायचं?" असं कुणी विचारलं तर चिडू नको. सांग की रात्री-अपरात्री मार खाऊन बाहेर काढलेली बाई आधी ठाण्यात जात नाही, ओळखीच्या बाईच्या दारात जाते. ते दार पोलीस पाटलाचं असेल तर तक्रार पुढे जाते, नाहीतर सकाळी तिला परत नवऱ्याकडे पाठवतात.

यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे दोघी आल्या होत्या. मी कुणाला बोलले नाही."

म्हटलं, नावं नको सांगू, तिथेही नको सांगू. पण तू काय केलंस ते सांग. तिने सांगितलं. रात्री घरात घेतलं, सकाळी आशाताईला बोलावून दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी एकीबरोबर तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन आली. आणि हीच बाई विचारत होती, मुलाखतीला काय सांगू म्हणून! जे काम करण्यासाठी मुलाखत द्यायची ते ती कधीच करून बसली होती. फक्त त्याला काम म्हणायचं तिला सुचलं नव्हतं. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच.

निघायच्या आधी माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, खोटी मुलाखत घेतली. आई ऐंशीच्या पुढची, शाळा दुसरीपर्यंत. खुर्चीत ऐटीत बसली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कुणाची गो तू?" आम्ही हसलो. भाची हसली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "माहेर हातखंबा. दहा वर्षं झाली या गावात आहे. गावात दीडशे घरं आहेत, त्यातल्या विधवा आणि एकट्या म्हाताऱ्या किती ते मला तोंडपाठ आहे. पावसात कुठली साकव बुडते, कुठल्या घरामागची दरड सुटलीय ते माहीत आहे. अजून काय विचारायचं असेल तर विचारा."

आई म्हणाली, "पास."

खरी मुलाखत सोमवारी आहे. निकाल काय लागेल तो लागो, पैसे दिलेले नाहीत एवढं नक्की. तुमच्या गावात कुणी तयारी करत असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा. आणि कुणी तोंडीचे गुण विकत द्यायला आला, तर त्याचा नंबर जपून ठेवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन लावा. घाबरू नका, फोन उचलतात.